सव्वीस पानं आणि एक अंगठा

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं या शहरातल्या हजारो लोकांच्या वतीनं कबुल्या दिलेल्या आहेत. यात बढाई काही नाही, माझा धंदाच तो आहे. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत अकरा वर्षांपासून माझं सेंटर आहे, 'सुलेखा ऑनलाइन'. परीक्षेचे फॉर्म, पॅनकार्ड, लायसन, दाखले, जे लागेल ते. माणूस खुर्चीत बसतो, आधार कार्ड पुढं सरकवतो आणि स्क्रीनवर ती चौकट येते: 'मी वरील सर्व अटी व शर्ती वाचल्या असून मला त्या मान्य आहेत.' समोरच्याला ती दिसायच्या आत मी टिक करून पुढच्या पानावर गेलेली असते.

कोणी वाचतं का? अकरा वर्षांत फक्त एकानं विचारलं होतं, "मॅडम, आत्ता ते काय होतं?" मी म्हणाले, "काही नाही, हो म्हणायचं असतं." तो हो म्हणाला. लोक लग्न ठरवताना इतके प्रश्न विचारतात, भाजी घेताना मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतात, पण या चौकटीसमोर सगळ्यांचा एकदम विश्वास बसतो. माझी तक्रार नव्हती. एका गिऱ्हाइकाला सात मिनिटं, हा माझा हिशेब होता आणि मला त्याचा चांगलाच गर्व होता.

सगळं असं सुरळीत चालू असताना माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. नाव कडुबा. सिल्लोडजवळच्या खेड्यातून इथं येऊन त्यांनी चाळीस वर्षं रजिस्ट्री कचेरीबाहेर टेबल टाकून दस्त लिहिले. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं. सरकारी परवान्याचे दस्तलेखक. जुनी मुसलमान गिऱ्हाइकं त्यांना अजून मुन्शीजी म्हणतात. मामांची एक रीत होती. दस्त लिहून झाला की सही-अंगठ्याच्या आधी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचा. समोर वकील असो की घाईतला बिल्डर. प्रत्येक पानानंतर विचारायचं, "समजलं?" आणि समोरच्यानं तोंडानं "समजलं" म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नसे. मग खाली एक ओळ यायची: 'वाचून दाखविले, समजले, कबूल.' त्या ओळीशिवाय मामांच्या हातचा कागद कचेरीत गेला नाही.

मध्ये तीन वर्षं डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशननंतर पट्टी निघाली आणि मामांनी राहिलेलं सगळं भरून काढायला घेतलं. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, साबणाचा कागद, मिक्सरची पुस्तिका. एकदा जेवताना त्यांनी मला सांगितलं की आपला मिक्सर सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवायचा नाही आणि तू रोज पाच मिनिटं चालवतेस. रोज दुपारी ते सेंटरवर येत, प्रिंटरशेजारच्या स्टुलावर बसत आणि वाया गेलेले प्रिंट दोन्ही बाजूंनी वाचत. मी म्हणायचे, बरं आहे, गुंतून राहतात.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, एकोणतीस तारखेला, दुपारी दीडच्या सुमारास कय्युमभाई आले. जाफर गेटजवळ त्यांच्या घरात दोन माग आहेत. हिमरूच्या, म्हणजे रेशीम आणि सूत मिसळून नक्षी काढलेल्या, शाली विणतात. आता असं काम करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. चौकटीच्या कागदावर हातानं आखलेल्या नक्ष्या त्यांच्या आजोबांपासून घरात आहेत, कडा झिजलेल्या, उघडताना जीव मुठीत धरावा अशा. त्यांची मुलगी सुमय्या कॉलेजात आहे. तिनंच 'नक्षीसेतू' नावाचं ॲप शोधून काढलं होतं. नक्षीचा कागद स्कॅन करून त्यात घातला की कॉम्प्युटरवर स्वच्छ चौकटी तयार होतात, रंग बदलून बघता येतात. कागद मोठे, त्यांना लागणारा मोठा स्कॅनर माझ्याकडे. म्हणून चार तारखेला बापलेक आले होते आणि मी एक्केचाळीस नक्ष्या एका दुपारी चढवून दिल्या होत्या. कय्युमभाईंचा साधा फोन त्या दिवशी बंद पडलेला, सुमय्याचा घरी राहिलेला, त्यामुळं खातं माझ्याच नावावर, माझ्याच नंबरवर उघडलं. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. आणि 'मान्य आहे'ची टिक, अर्थात, माझीच.

आज त्यांच्या हातात एकच गुंडाळी होती. "ये दोन राहिले होते, ताई," ते म्हणाले. "दादाजानच्या हातचे. मी कोनालाच दाखवत नाय. पन सुमय्या म्हनली, अब्बा, कागद फाटला तर काय करनार."

मी दोन्ही कागद जपून स्कॅन केले. दुसऱ्यावर एक बदामाच्या आकाराचा बुट्टा होता आणि त्याच्या पोटात इतकी बारीक वेल, की मीसुद्धा क्षणभर माउस सोडून बघत राहिले. मग फाइल वर गेली, हिरवी खूण आली, कय्युमभाईंनी कागद गुंडाळून घेतले.

तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला. "कय्युम, कबुली दिली का तू?"

"कसली कबुली, मुन्शीजी?"

"कंपनीशी. तिथं लिवलंय ना खाली, बारीक अक्षरात. अटी, शर्ती."

"ताईनं वाचलं असंल ना," कय्युमभाई म्हणाले आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

मी खरं तेच सांगितलं. "मामा, ते कोणी वाचत नाही. जगात कोणी वाचत नाही. लिहिणाराही वाचत नसेल."

"काढ प्रिंट," मामा म्हणाले.

मला राग आला. बाहेरच्या बाकावर चार गिऱ्हाइकं होती. पण म्हटलं, एकदाची जिरू दे हौस, पाचव्या पानावर झोप लागेल. ॲपमध्ये मराठीची सोय होती, मी सगळं मराठीतून छापलं. सव्वीस पानं निघाली. मामांनी ती ठोकून सारखी केली, खिशातून लाल पेन काढलं, कय्युमभाईंना समोरच्या खुर्चीत बसवलं आणि रजिस्ट्रीच्या आवारात वाचायचे त्या आवाजात सुरू केलं.

"कलम एक. या करारात 'आम्ही' म्हणजे कंपनी, तिच्या उपकंपन्या, तिचे वारस व हस्तांतरी." थांबले. "समजलं?"

"समजलं," कय्युमभाई म्हणाले. त्यांना हे नवीन नव्हतं. त्यांच्या घराची वाटणी मामांनीच लिहिली होती.

पहिली पाच पानं माझ्या सेंटरमध्ये तमाशा चालल्यासारखंच होतं. लायसनसाठी आलेला गोकुळ मोबाइलवर शूटिंग करायला लागला. मी मधूनमधून कपाळाला हात लावून बाकावरच्यांना दाखवत होते की बघा, काय चाललंय. आठव्या पानावर भाषांतर करणाऱ्यानं हात टेकलेले दिसत होते, वाक्याला कर्ताच सापडेना. मामा तिथं अडले, मागं गेले, तीनदा वाचलं आणि समासात लाल पेनानं लिहिलं: 'अर्थ लागत नाही.' परीक्षेच्या फॉर्मसाठी आलेली संध्या, वाळूजला कारखान्यात काम करते, बाकावरून उठून आत आली. म्हणाली, "काका, आमच्या कामाच्या ॲपमध्ये बी असंच लिहिलेलं असतं का?" मामा म्हणाले, "असंल. घिऊन ये एकदा." ती तिथंच उभी राहून ऐकायला लागली. माझे सात मिनिटांचे हिशेब केव्हाच वाऱ्यावर गेले होते.

एकोणिसाव्या कलमाला मामांचा आवाज बदलला. मोठा झाला नाही, हळू झाला.

"वापरकर्त्याने चढविलेली कोणतीही नक्षी वापरण्याचा, बदलण्याचा, तिच्या प्रती काढण्याचा व ती अन्य कोणासही देण्याचा कायमस्वरूपी हक्क कंपनीकडे राहील." त्यांनी चष्मा वर केला. "समजलं?"

कय्युमभाई या वेळी समजलं म्हणाले नाहीत. "म्हंजे?"

"म्हंजे तुझ्या दादाजानची नक्षी उद्या कोन्या मोठ्या मिलवाल्याला पायजे असली, तर कंपनी त्याला देऊ शकती. तुला न इचारता. तो यंत्रावर हजार शाली काढील अन् तू काय बी म्हनू शकायचा नाय. तू कबूल केलंय."

"मी कुठं केलं," कय्युमभाई म्हणाले. त्यांनी ती गुंडाळी छातीशी धरली, जणू कागद हातात आहेत तोवर नक्षीही हातात आहे. "मुन्शीजी, दुसरं काय हाय आमच्याजवळ? माग तर कोनी बी घेईल. नक्षी हाय म्हनून आमी हाय."

गोकुळनं शूटिंग बंद केलं. चूक माझी आहे हे कळलं की मी भांडते, हा माझा जुना स्वभाव.

"मामा, अहो सगळं असं वाचत बसले तर दिवसाला तीन गिऱ्हाइकं होतील," मी म्हणाले. "तुमच्या काळी माणसं थांबायची."

"थांबायची नाय," मामा म्हणाले. "मी थांबवायचो."

"आणि वाचून करणार काय? मान्य नाही म्हटलं तर ॲप चालतच नाही. टिक नाही केली तर पुढं जाताच येत नाही."

मामांनी पानं मांडीवर ठेवली. "सुलेखा, माझ्या आईची गोष्ट तुला ठावं नाय. केसरबाईची. गावात आमचा इहिरीत चौथा हिस्सा व्हता. पाटलाच्या मानसानं कागद आनला, म्हनला, केसरबाई, पानी कोनत्या वारी घ्यायचं त्याचा कागद हाय, दे अंगठा. दिला तिनं. हिस्साच लिहून घेतला व्हता त्यात. मी तवा सात वर्षांचा. त्या दिसापासून तिनं मला शाळेतून एक दिस घरी राहू दिलं नाय. तिला वाचता येत नव्हतं म्हनून तिनं अंगठा दिला. तुला वाचता येतं, पोरी. तू एमए हायेस. अन् तू बी अंगठाच देती."

मी हाताकडं पाहिलं. फोनवर, टॅबवर मी टिक खरंच अंगठ्यानं करते. मला रडू आलं नाही, पण चेहरा गरम झाला आणि गिऱ्हाइकांसमोर हे व्हावं याचा भयंकर राग आला. राग मामांचा नव्हता. त्यांनी खोटं काय सांगितलं होतं?

"पुढं वाचा," मी म्हणाले.

पुढं वाचलं म्हणून सापडलं. त्याच कलमाच्या शेवटी, सगळ्यात बारीक अक्षरात: खाते उघडल्यापासून तीस दिवसांच्या आत खातेदाराने स्वतःच्या सहीने, काढून घ्यावयाच्या नक्ष्यांची संख्या नमूद करून लेखी पत्र कंपनीच्या पत्त्यावर पोचते केल्यास हा हक्क संपुष्टात येईल. पत्ता हैदराबादचा. ईमेल चालणार नाही, पत्रच. ज्यानं कोणी हे लिहिलं होतं त्याची खात्री होती की इथपर्यंत कोणी येत नाही.

खातं चार नोव्हेंबरला उघडलेलं. म्हणजे चार डिसेंबरच्या आत पत्र हैदराबादला पोचायला हवं. आज शनिवार, उद्या टपाल बंद. सोमवारी टाकलं तर वेळेत पोचेल याचा भरवसा नाही. मोठ्या पोस्टात स्पीड पोस्ट चारपर्यंत घेतात आणि घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कय्युम, सहीची कर तयारी," मामा म्हणाले.

"सही त्यांची चालणार नाही," मी म्हणाले. "खातेदार मी आहे."

मामांनी एवढंच म्हटलं, "मग तू बस त्या खुर्चीत."

अकरा वर्षांत मी माझ्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले नव्हते. कय्युमभाई उठले, मी बसले. मामांनी कोरा कागद घेतला. मी म्हणाले, टाइप करते, लवकर होईल. ते म्हणाले, नको, हातानं लिहिलेलं पत्र फेकायला मानसाला दोनदा इचार करावा लागतो. वळणदार, जाड अक्षरात ते लिहीत गेले. मध्ये फक्त एकदा मान वर केली. "कय्युम, किती नक्ष्या?"

"एक्केचाळीस, मुन्शीजी. मोजून दिल्या होत्या."

लिहून झालं तेव्हा साडेतीन वाजले होते. मी पेनासाठी हात पुढं केला. मामांनी कागद मागं घेतला.

"वाचून दाखवतो."

"मामा, वेळ नाही. तुम्ही लिहिलंय, बरोबरच असेल."

"हे सगळे बी असंच म्हनतात," मामा म्हणाले आणि वाचायला लागले. संध्या दारात जाऊन रिक्षा थांबवून उभी राहिली.

मी ऐकत होते. खरं सांगते, कितीतरी वर्षांनी मी कुठला तरी कागद शब्दाशब्दानं ऐकत होते. 'मी, सुलेखा राजेंद्र, खातेदार, लिहून देते की, सदर कराराच्या अटी मी न वाचता मान्य केल्या होत्या. आता वाचल्या आहेत.' हे वाक्य त्यांनी गाळलं असतं तरी चाललं असतं, पण मामा असलं काही गाळत नाहीत. 'सबब कलम एकोणीसनुसार, मी चढविलेल्या एकूण एक्केचाळीस नक्ष्या...'

"थांबा," मी म्हणाले.

"काय?"

"एक्केचाळीस नाही. त्रेचाळीस. आज दोन चढवल्या. तुम्ही प्रिंट वाचत होता तेव्हा."

कय्युमभाईंनी गुंडाळी दाखवली. "पन त्या तर इथं हायेत. आज नुसता फोटू काढला ना?"

"माझा स्कॅनर फोटो काढला की सरळ वर पाठवतो, भाई. गेल्या त्या. तो बदामी बुट्टासुद्धा."

कय्युमभाईंनी गुंडाळी उलगडून तो बुट्टा पुन्हा बघितला. एक्केचाळीस लिहिलं असतं तर एक्केचाळीस सुटल्या असत्या, आणि बाहेर कोणालाच न दाखवलेल्या त्या दोनच तेवढ्या तिकडं राहिल्या असत्या. माझ्या सहीनं. मामांच्या अक्षरात.

चाळीस वर्षांत मामांच्या दस्तात खाडाखोड झाली नाही, असं ते प्रत्येक लग्नात कोणाला ना कोणाला सांगतात. त्यांनी लाल पेनानं 'एक्केचाळीस' वर एक सरळ रेघ मारली, वर 'त्रेचाळीस' लिहिलं, शेजारी स्वतःची छोटी सही केली आणि माझ्याकडूनही करून घेतली.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी न बघता लिहिलं. समजलं?"

"समजलं," मी म्हणाले. तोंडानं.

मग मी सही केली. संध्याची रिक्षा, कय्युमभाई पुढं, मी मागं, जुन्या बाजारातली गर्दी. पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी पाकीट घेतलं तेव्हा चारला सहा मिनिटं कमी होती. पोचपावतीसाठी एक फॉर्म होता. मी तो पूर्ण वाचून भरला, आणि मागच्या माणसानं "ओ मॅडम, आटपा की" म्हटल्यावर मला फार बरं वाटलं.

पत्र दोन तारखेला पोचलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: त्रेचाळीस नक्ष्या काढून टाकल्या आहेत, कंपनीचा त्यांवर हक्क राहिलेला नाही. मी ते कय्युमभाईंना फोनवर मोठ्यानं वाचून दाखवलं. पलीकडून माग चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "ताई, एकदा फिरसे वाचा." आता सुमय्या नक्ष्या स्वतःच कॉम्प्युटरवर आखते, एकेक चौकट, रोज थोडी. बदामी बुट्ट्याला दोन महिने लागतील म्हणते.

माझं सेंटर चालूच आहे. सगळं वाचते असं म्हणणार नाही, कोणाला पटायचंही नाही. पण आता तीन गोष्टी शोधते: काय घेतात, कोणाला देतात, परत कसं मागायचं. तेवढं गिऱ्हाइकाला सांगते आणि तोंडानं हो म्हणवून घेते. एका माणसाला सतरा मिनिटं लागतात. चार गिऱ्हाइकं समोरच्या सेंटरवर गेली. दोन परत आली.

एक गोष्ट मात्र मनाला खात होती. मामांचा स्मार्टफोन ऑपरेशननंतर मीच चालू करून दिला होता. त्यात सतरा ॲप, सतराही माझ्या अंगठ्यानं. मामांनी कधी विचारलं नव्हतं आणि विचारायच्या आत मला ते निस्तरायचं होतं. म्हणून रोज दुपारी "अपडेट करते" म्हणून मी त्यांचा फोन घ्यायचे आणि एकेकाच्या अटी वाचून काढायचे. काही परवानग्या बंद केल्या, एक ॲप काढूनच टाकलं. जानेवारीपर्यंत सात झाले.

गेल्या मंगळवारी मामा डोळे दाखवायला दवाखान्यात गेले. फोन प्रिंटरजवळ चार्जिंगला होता आणि त्याच्याखाली त्यांची वही. फोन उचलताना वही उघडली. रेघा मारून केलेला तक्ता होता. क्रमांक, ॲपचं नाव, तारीख, शेरा. सतरा ओळी. तारखा फोन घेतला त्या आठवड्यातल्या, म्हणजे कय्युमभाईंच्या कितीतरी आधीच्या. प्रत्येक ओळीसमोर एकच शेरा, त्याच जाड वळणदार अक्षरात: 'सुलेखाने मान्य केले. वाचले नाही.'

मी खुर्चीत बसले. हे सगळं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ते गप्प राहिले होते.

मग मला पहिल्या सात ओळींतलं लाल पेन दिसलं. 'वाचले नाही' वर एक सरळ रेघ. वर लिहिलेलं, 'वाचले', पुढं ज्या दुपारी मी ते वाचलं ती तारीख. प्रत्येकाशेजारी मामांची छोटी सही आणि तिच्या बाजूला तेवढीच मोकळी जागा, माझ्या सहीसाठी.

मी सात सह्या केल्या. मग त्यांचा फोन घेतला आणि आठवं ॲप उघडलं. एकतीस पानं होती. बाहेरून लायसनवाला गोकुळ हाका मारत होता. मी त्याला म्हटलं, "बस जरा, वाचतेय."